बेलभंडाऱ्यावर ठेवलेला हात

मी ठाण्यात समुपदेशक आहे, आणि निवडणूक आली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. माणसं वेगळी, घरं वेगळी, पण गाभा तोच: देवासमोर मत देण्याचा शब्द दिला होता, आता मन दुसरीकडे आहे, मग पाप लागेल का? घरच्यांचं काही वाईट होईल का?

फार थोडे जण तो इतका सरळ विचारतात. बहुतेक जण पित्ताची, धडधडीची, नाहीतर झोपेची तक्रार घेऊन येतात. ईसीजी झालेला असतो, थायरॉइड तपासून झालेलं असतं, आणि फॅमिली डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की एकदा कुणाशी तरी मोकळं बोलून या. मग बोलता बोलता दडून बसलेली शपथ वर येते. कुणी नारळावर हात ठेवून घेतलेली असते, कुणी गुरूंच्या तसबिरीपुढे, कुणी स्वतःच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. हे फक्त खेड्यात आणि चाळीत होतं असं मानणाऱ्यांना सांगते, घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधूनही अशी माणसं माझ्याकडे आली आहेत.

इथे एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खोलीतही मी त्यांना काकूच म्हणायचे.

काळ २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान होतं, आणि मधे दिवाळी. ठाण्यात त्या वर्षी सण आणि प्रचार इतके एकमेकांत मिसळले होते की उटण्याच्या पाकिटावरही उमेदवाराचा चेहरा होता. तलावपाळीला दिवाळी पहाटेला जमलेल्या तरुणांच्या गर्दीतही प्रचार फिरत होता. रिक्षांवरचे भोंगे दुपारच्या झोपेच्या वेळीही थांबत नव्हते. ज्यांच्या डोक्यात आधीच काहीतरी घोळतंय, त्यांना या दिवसांत घराबाहेर पडूनही सुटका नसते, कारण ज्याची भीती वाटते त्याचंच नाव दर दहा मिनिटांनी खिडकीतून आत येत असतं.

भाऊबीज उलटल्यावर काकूंना त्यांची सून घेऊन आली. साठीच्या आसपासचं वय, राहायला वागळे इस्टेटच्या बाजूला. यजमान तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा ऐरोलीच्या आयटी कंपनीत. घरी "डोळे तपासायला जातो" असं सांगून दोघी निघाल्या होत्या. समुपदेशकाकडे जायचं म्हटलं की लोक काय म्हणतील याची धास्ती ठाण्यात जरा जास्तच असते. इथल्या मनोरुग्णालयामुळे "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत वापरत आला आहे. त्या थट्टेपायी कितीतरी जण वेळेवर मदत घ्यायचे राहून जातात, याची मला मनापासून चीड आहे.

काकू आधी बराच वेळ गॅसेसबद्दल बोलल्या. मग सूनबाई म्हणाली, "आई, देवघराचं सांगा ना." तेव्हा कळलं की गेले काही दिवस त्या देवघरासमोर उभ्याच राहत नव्हत्या. चाळीस वर्षं सकाळचा दिवा त्यांच्या हातचा. आता सुनेला म्हणत, "तूच लाव, माझे गुडघे दुखतात." गुडघे आधीही दुखत होतेच. मधे नातवाला ताप आला, डासांचे दिवस, इमारतीत आणखी दोन-तीन मुलं आजारी होती. काकूंनी मात्र त्या रात्री उशाशी बसून शंभरदा "चुकले, चुकले" म्हटलं होतं. काय चुकलं, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सून बाहेर जाऊन बसली, तेव्हा काकूंनी सांगितलं. नवरात्रात त्यांच्या भागातून देवदर्शनाची बस निघाली होती. पहाटे निघायचं, जेजुरी आणि मोरगाव करून रात्री परत. पैसे नाहीत, नाश्ता-जेवण त्यांचंच. नेणारा माणूस म्हणजे त्या भागातला पक्षाचा कार्यकर्ता, सगळे त्याला भाऊ म्हणतात. काकूंचं कुलदैवत खंडोबा. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत गडावर जाणं झालं नव्हतं. भाऊच्या मुलांनी दोन्ही हातांना धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. "मॅडम, देव दिसला तेव्हा मी रडले हो," असं सांगताना त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

परतीच्या वाटेवर एका मंगल कार्यालयात जेवणं झाली. हात धुऊन बायका बसल्या, तेव्हा एक जण परात घेऊन आला. परातीत बेलाची पानं, भंडारा, मधोमध नारळ. एकेकीने हात ठेवायचा आणि म्हणायचं की आमच्या घरातली सगळी मतं भाऊ सांगतील त्यालाच. पहिली तयार झाली, दुसरी झाली, परात काकूंपर्यंत आली.

"नुकती त्याच्या दारातून उतरले होते. कपाळाला त्याचा भंडारा तसाच होता. नाही कसं म्हणू?"

त्यांनी हात ठेवला.

अडचण अशी होती की त्यांचं मन आधीपासून दुसऱ्या उमेदवाराकडे होतं. का, तेही त्यांनी सांगितलं. त्यात कोरोनाच्या काळातली एक मदत होती, नळाच्या पाण्याचं एक जुनं भांडण होतं. उमेदवाराचं नाव मी विचारलं नाही, त्यांनी घेतलं नाही. दुसरीकडे भाऊचेही उपकार खरे होते. यजमानांना छातीत दुखलं त्या रात्री रुग्णवाहिका त्याने आणून दिली होती. यजमान स्वतः तरुणपणापासून शाखेत जाणारे, भाऊच्या ऊठबशीतले, त्यामुळे घरात हे बोलायची सोय नव्हती. आणि खात्यात दरमहा जमा होऊ लागलेले सरकारी योजनेचे दीड हजार रुपये. "खाल्ल्या मिठाला जागायला नको का?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला तो खऱ्या कळकळीने. शपथ, उपकार, नवरा, पैसे, सगळ्यांची एकच मोट बांधली गेली होती आणि तिच्याखाली एक सरळमार्गी बाई दबून गेली होती.

मुलाला त्यांनी एकदा अर्धवट सांगून पाहिलं होतं. तो हसला. "आई, कुठल्या जमान्यात आहेस? शपथ-बिपथ काही नसतं." तो वाईट मुलगा नाही. आईला भीतीतून सोडवायचंच त्याच्या मनात होतं. पण त्या वाक्यात आईचा देवही काही नसतो असं काकूंना ऐकू आलं, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. घरात कुणी अशा भीतीने कोंडलं असेल तर त्या माणसाची श्रद्धा खोडून काढायला बसू नका, असं मी नेहमी सांगते. भीती तर जात नाहीच, आपण एकटे आहोत ही भावना मात्र वाढते. मी स्वतः काय मानते, देवळात जाते की नाही, मत कोणाला देते, यातलं काहीही मी त्या खोलीत येऊ देत नाही. तिथे समोरच्या माणसाच्या श्रद्धेच्या भाषेतच काम करावं लागतं.

मी काकूंना विचारलं, "नातवाला ताप आला तेव्हा मतदान झालं होतं का?"

"नाही. अजून कुठे झालंय?"

"मग शब्द मोडला कधी?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "मनात तर मोडलाच ना."

इथे नेमकी गाठ होती. एखादा विचार मनात येणं आणि तशी कृती करणं या दोन गोष्टी चिंतेने घेरलेल्या मनाला वेगळ्या करता येत नाहीत. मनात आलं म्हणजे केलंच, आणि केलं म्हणजे शिक्षा होणारच. जी माणसं मुळात प्रामाणिक असतात, शब्द पाळणारी असतात, त्यांना हा त्रास जास्त होतो. बेफिकीर माणूस शपथ घेतो आणि घरी येऊन झोपतो. काकूंना मी हेच सांगितलं: तुम्हाला झोप लागत नाही याचं कारण तुम्ही वाईट आहात हे नाही, तुम्हाला शब्दाची किंमत आहे हे आहे. त्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

मग दिव्याबद्दल बोललो. देवघर टाळलं की त्या घटकेपुरतं हायसं वाटतं. पण मन त्यातून शिकतं की देवघरात खरंच काही धोका आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिथे जाणं आणखी अवघड होतं. सुनेला दिवसातून चारदा "काही होणार नाही ना गं?" असं विचारणंही त्यातलंच. उत्तर मिळालं की पाच मिनिटं बरं वाटतं, मग प्रश्न पुन्हा उभा. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. काकूंनी रोज सकाळी दिवा स्वतः लावायचा. भीती वाटली तरी लावायचा, छाती धडधडली तरी तिथेच उभं राहायचं, धडधड आपोआप उतरेपर्यंत. ती उतरतेच, शरीर फार वेळ तेवढ्या उंचीवर राहू शकत नाही. आणि सुनेने त्या प्रश्नाला "काही होणार नाही" असं उत्तर द्यायचं बंद करायचं. त्याऐवजी म्हणायचं, "आई, याबद्दल आपलं बोलणं झालंय," आणि जवळ बसायचं. सुनेला हे सुरुवातीला निष्ठुरपणाचं वाटलं. तिला समजावून सांगायला लागलं.

त्यानंतरच्या भेटीत मी एक गोष्ट विचारली, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटते. "काकू, तुम्ही आजवर खंडोबाला काय काय बोललात?" लग्नानंतर जेजुरीला गेल्या तेव्हाचं, मुलगा झाला तेव्हाचं, कारखाना बंद पडणार अशी आवई उठली तेव्हाचं, सासूबाई गेल्या तेव्हाचं, त्या बराच वेळ सांगत राहिल्या. कधी भांडल्या होत्या, कधी रुसल्या होत्या. एकदा तर बोललेला नवस दोन वर्षं फेडायचा राहून गेला होता.

"मग काय झालं?"

"काही नाही. पैसे आले तेव्हा फेडला. त्याला काय माहीत नाही का आमची परिस्थिती?"

"हा जो परिस्थिती समजून घेणारा देव आहे, आणि परातीतला जो देव आहे, हे दोघे एकच का?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी ते यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्यांच्या देवाचं त्यांनाच ठरवू द्यायचं होतं. फक्त त्यांच्या आणि त्यांच्या कुलदैवताच्या मधे कुणी तिसरा परात घेऊन उभा राहिला आहे, तो त्यांना दिसावा एवढंच मला हवं होतं.

कायद्याची माहितीही मी दिली. समुपदेशकाने कायदा कशाला सांगायचा असं कुणाला वाटेल, पण अर्धी भीती अज्ञानातून येते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये निवडणुकीतल्या भ्रष्ट प्रकारांची यादी आहे. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने इतर कुणी, मतदाराच्या मनात देवाच्या कोपाची भीती घालून त्याचं मत वळवण्याचा प्रयत्न केला तर तो मतदारावरचा अयोग्य दबाव ठरतो आणि त्या यादीत बसतो. हे उच्च न्यायालयात सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते. १९५१ साली ज्यांनी हे लिहिलं त्यांना आपल्या देशातली परात, नारळ आणि बेलाचं पान चांगलंच ठाऊक असणार. काकूंनी हे दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे चूक त्याची धरतात?" त्यांनी विचारलं. "हात ठेवणारीची धरत नाहीत," मी म्हटलं. पोलिसांत जायचं का, तक्रार करायची का, हा विषयही निघाला. त्यांना करायची नव्हती. त्याच गल्लीत राहायचं होतं. मी आग्रह केला नाही.

दुसरी भीती होती कळण्याची. "कुणी कुठलं बटण दाबलं ते त्यांना समजतं म्हणे." असं पसरवणारे प्रत्येक वॉर्डात असतात. खरं काय ते असं: एका मतदान केंद्रावर कोणाला एकूण किती मतं पडली हे मोजणीनंतर कळतं. तिथे हजार-बाराशे नावं असू शकतात. त्यातलं कुठलं मत कोणाचं, हे कळत नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, ती फक्त मत देणाऱ्यालाच, मग पेटीत पडते. तिच्यावर मतदाराचं नाव नसतं. आणि त्याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे मत कोणाला दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही. नवऱ्यालाही नाही, असं मी मुद्दाम जोडलं. काकू पहिल्यांदाच हसल्या.

उपकारांचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नव्हता, आणि मला तो झटकून टाकायचाही नव्हता. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका आणणाऱ्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या शहरात नगरसेवक, शाखा, मंडळ यांच्याकडे लोक जातात ते उगाच नाही. दाखला, शाळेतला प्रवेश, रुग्णालयातली खाट, यासाठी दुसरं दार उघडत नाही तेव्हा ते दार उघडतं. पण त्या मदतीची परतफेड मतानेच व्हायला हवी, हे कुणी ठरवलं? मी काकूंना विचारलं, "भाऊचं तुमच्यावर ऋण आहे, तर ते तुम्ही तुमच्या पद्धतीने कसं फेडाल?" त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "त्याची आई एकटी असते दिवसभर. तिच्याकडे जाऊन बसेन. फराळ देईन." मग ते वेगळं ठेवूया, म्हटलं, आणि मत वेगळं. दीड हजारांचंही तसंच. सरकारी योजनेचे पैसे सरकारच्या तिजोरीतून येतात, त्या तिजोरीत काकूंनी चहापत्ती घेताना भरलेला करही असतो. योजना चांगली की वाईट याचा विचार करून मत द्यायला त्या मोकळ्या होत्या, तसं अनेक जण देतात. पण ते पैसे कुणाच्या खिशातलं कर्ज नव्हतं.

काकूंना एकच माणूस असा होता ज्याचा शब्द या विषयात माझ्यापेक्षा जड होता: गावाकडच्या थोरल्या जाऊबाई. घरचं जागरण-गोंधळ, कुळाचार सगळं त्यांनी सांभाळलेलं. "त्यांना विचाराल का?" असं मी सुचवलं. श्रद्धेचा पेच असेल तेव्हा त्याच श्रद्धेतलं जाणतं, निर्मळ माणूस शोधावं. समुपदेशकाने सगळं आपल्याच अंगावर घेऊ नये. काकूंनी फोन केला. जाऊबाई काही तत्त्वज्ञान बोलल्या नाहीत. त्यांनी आधी परात धरणाऱ्याला दोन अस्सल गावरान शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, "मनाला लागलंच असेल तर चंपाषष्ठीला तळी भर, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखव, माफी माग आणि मोकळी हो. आपल्या देवाला आपलं माणूस कळतं." काकूंना जी खात्री माझ्याकडून मिळणं शक्य नव्हतं ती तिथून मिळाली.

यजमानांना हे सगळं कळलं ते मतदानाच्या आठवडाभर आधी. सुनेच्या तोंडून निघून गेलं. ते तणतणतच माझ्याकडे आले. आपल्याला न सांगता बायको परक्या माणसासमोर घरचं बोलते, याचा राग होता. मी काकूंची परवानगी घेऊन बसचा प्रसंग त्यांच्यासमोर ठेवला. परातीपर्यंत आल्यावर त्यांचा आवाज खाली गेला. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "आम्ही पण उचलायला लावलाय बेलभंडारा. तरुणपणी. चाळीतल्या घराघरात. तेव्हा वाटायचं, चला, एवढी मतं पक्की झाली." मग बायकोकडे बघून म्हणाले, "त्यातली कुणी अशी रात्र-रात्र जागली असेल, असं कधी डोक्यात आलं नाही." त्यांना काही समजावून सांगायची गरजच उरली नव्हती. एका कार्यकर्त्याने स्वतःच्या बायकोच्या चेहऱ्यावर ते पाहिलं होतं.

त्या घरात बाप-लेकाचा वाद वेगळाच चालू होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, त्याचा चटका ठाण्याइतका दुसऱ्या कुठल्या शहराला बसला असेल असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं एका शाखेत बसलेली माणसं रस्त्यात एकमेकांना टाळू लागली, घरात भाऊ-भाऊ, बाप-लेक वेगळ्या बाजूंना गेले. या घरात बापाची बाजू एक, मुलाची दुसरी, आणि व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटावर रोज तोफा. दोघांनाही वाटे की आपण तत्त्वासाठी भांडतो. काकू आणि सून ताटं वाढून उभ्या. त्यांनी एक नियम केला की ताटं उचलेपर्यंत टीव्हीवरच्या चर्चा बंद आणि पक्षाचं नाव नाही. तो नियम मोडतो, पुन्हा लागू होतो. बाप-लेकांत अजूनही कुरबुर आहेच.

२० नोव्हेंबरला काकूंनी मत दिलं. कोणाला, ते मला माहीत नाही, यजमानांनाही नाही. नंतर त्यांनी एवढंच सांगितलं की बटण दाबताना छातीत धडधडलं, त्या तिथेच उभ्या राहिल्या, ती चिठ्ठी खाली पडली आणि त्या बाहेर आल्या. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री थोडी लागली. असंच होतं, भीती एका दिवसात जात नाही. मध्ये नातवाला पुन्हा सर्दी झाली तेव्हा एक संध्याकाळ अवघड गेली, पण सकाळचा दिवा चुकला नाही.

डिसेंबरमध्ये चंपाषष्ठीला घरी तळी भरली. तळी उचलायला पाच जण लागतात. यजमान, मुलगा, शेजारचे दोघे, आणि पाचवा म्हणून काकूंनी भाऊलाच बोलावणं पाठवलं. मला हे ऐकून आधी नवल वाटलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "देव काय कुणाच्या पक्षाचा आहे? रुग्णवाहिका आणली होती त्याने. उचलू दे की तळी." भाऊ आला, यळकोट यळकोट म्हणाला, भरीत-रोडगा खाऊन गेला. परातीचा विषय कुणी काढला नाही.

काकूंची भीती एका प्रसंगाला चिकटलेली होती, म्हणून बोलण्याने, सरावाने आणि घरच्यांच्या साथीने ती ओसरली. सगळ्यांचं असं नसतं. पापाची भीती वर्षानुवर्षं पाठ सोडत नसेल, दिवसातले तास न्‌ तास माफी मागण्यात, हात धुण्यात, मंत्र मोजण्यात जात असतील, मंत्र चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत असेल, तर तो मंत्रचळाचा आजार असू शकतो आणि त्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे चांगली औषधं आहेत. माणूस जेवेनासा झाला, आपण जगायच्या लायकीचे नाही असं बोलू लागला, तर निवडणूक संपायची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

२०२५ संपत आलं तसे महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले. ठाण्यात ती २०१७ नंतर झालीच नव्हती, त्यामुळे इच्छुकांची झुंबड होती, आणि देवदर्शनाच्या बसेसचीही. काकूंचा फोन आला. बस पुन्हा निघणार होती, पुन्हा जेजुरीला. मी विचारलं, "मग काय ठरवलंत?"

"जाऊबाई आणि मी एसटीने जाणार. वंदनाच्या स्टँडवरून स्वारगेट, तिथून पुढची गाडी. बायकांना अर्धंच तिकीट आहे. गुडघ्यांना वेळ लागेल, पण कुणाची घाई नाही."

मला वाटलं, हे सांगायलाच फोन केला असेल. पण त्या रेंगाळल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवशी माझ्या पुढे जी बसली होती ना, तिनेही परातीवर हात ठेवला होता. परवा नळावर भेटली. वर्ष झालं तरी तिची झोप गेलेलीच आहे. नवऱ्याला सांगायची तिची हिंमत नाही. तिला घेऊन येऊ का?"

मी त्यांना मंगळवारी साडेअकराची वेळ दिली.